नॉर्वेजियन जोडशब्द शेवटाकडून वाचावेत: मुळे, सांधे आणि विग्रह

उत्तररंग (धागाकर्ता)

नॉर्वेजियन शिकू लागलेल्या मराठी माणसाला व्याकरणाचे फारसे भय वाटत नाही, कारण तिथे क्रियापद पुरुषाप्रमाणे किंवा वचनाप्रमाणे बदलत नाही आणि नामाच्या विभक्तींचाही मोठा पसारा नाही. अडते ते शब्दांच्या लांबीपाशी. रस्ता ओलांडण्यासाठी पांढरे पट्टे ओढलेल्या जागेला तिथे 'फूतयेंगेरओवेरगांग' म्हणतात. मध्ये कुठेही जागा न सोडता लिहिलेला हा शब्द पाहिला की नजर कुठे थांबवावी तेच नवशिक्याला कळत नाही. माझे म्हणणे असे आहे की असा शब्द पाठ करण्याच्या मागे न लागता तो शेवटाकडून सोडवत यावे, आणि शाळेत समासाचा विग्रह केलेल्या माणसाला हे काम अजिबात परके नाही.

(शब्द देवनागरीत जवळच्या उच्चाराने लिहीत आहे. नॉर्वेजियन 'वाय' हा ओठ गोल करून म्हटलेल्या 'ई'सारखा स्वर असून तो मी 'यू'ने दाखवला आहे.)

वरचाच शब्द घेऊ. शेवटी 'गांग' आहे, म्हणजे जाणे. त्याआधी 'ओवेर', म्हणजे पलीकडे किंवा वरून. हे दोन मिळून 'ओवेरगांग', म्हणजे ओलांडणे किंवा ओलांडण्याची जागा. डावीकडचा 'फूतयेंगेर' हा स्वतःच एक जोडशब्द आहे: 'फूत' म्हणजे पाय आणि 'येंगेर' म्हणजे जाणारा, म्हणून पादचारी. आता नीट पाहिले तर 'येंगेर' आणि 'गांग' हे एकाच मुळाचे दोन अवतार आहेत. कर्तृवाचक प्रत्यय लागताना मुळातला 'आ' बदलून 'ए' झाला आहे. एकाच शब्दात एक मूळ दोनदा आले आहे, हे ध्यानात आले की लांबीचा धाक निम्म्याने कमी होतो.

या 'गांग'चे कुटुंब केवढे मोठे आहे ते पाहावे. 'इनगांग' म्हणजे आत जाण्याची वाट, 'यूतगांग' म्हणजे बाहेर जाण्याची, 'आवगांग' म्हणजे गाडीचे किंवा विमानाचे सुटणे, 'नेदगांग' म्हणजे उतार किंवा घट, 'तिलगांग' म्हणजे एखाद्या गोष्टीपर्यंत पोहोचण्याची मुभा, 'उन्नेरगांग' म्हणजे भुयारी वाट आणि विनाशही. 'नेदगांग'च्या आधी सूर्य, म्हणजे 'सूल', ठेवला की 'सूलनेदगांग', सूर्यास्त. 'ऑपगांग'च्या आधी ठेवला की सूर्योदय. एक मूळ आणि चार-पाच उपसर्गवजा शब्द माहीत असतील तर रेल्वेस्थानकावरच्या अर्ध्या पाट्या वाचता येतात.

आता मुख्य नियम. जोडशब्दाचा धनी नेहमी शेवटचा घटक असतो. अर्थाचा वर्ग तोच ठरवतो, लिंग त्याचेच असते आणि प्रत्ययही त्यालाच लागतात. 'ओल' म्हणजे बिअर आणि 'फ्लास्के' म्हणजे बाटली. 'ओलफ्लास्के' ही बिअरची बाटली असते, तर 'फ्लास्केओल' ही बाटलीतली बिअर असते. घटक तेच राहतात, क्रम फिरतो आणि वस्तू बदलते. 'तान' म्हणजे दात आणि 'लेगे' म्हणजे वैद्य; 'तानलेगे' म्हणजे दंतवैद्य. 'तान'चे अनेकवचन एरवी 'तेनेर' होते, आणि दंतवैद्य एकाच दातावर उपचार करतो असेही नाही, तरीही समासात 'तान' तसाच राहतो आणि अनेकवचनाचा प्रत्यय फक्त 'लेगे'ला लागतो. 'हूस' म्हणजे घर, नपुंसकलिंगी. म्हणून 'स्यूकेहूस', म्हणजे आजाऱ्यांचे घर अर्थात रुग्णालय, हेही नपुंसकलिंगी, आणि 'रोदहूस', म्हणजे सल्लागारांचे घर अर्थात नगरभवन, हेही. (ओस्लोचे रोदहूस १९५० मध्ये खुले झाले आणि १९९० पासून नोबेल शांतता पुरस्कार तिथेच दिला जातो.)

कानाला यात मोठी मदत होते. जोडशब्दावर एकच मुख्य आघात असतो, तो बहुधा पहिल्या घटकावर पडतो, आणि सगळा शब्द एकाच स्वरलहरीत म्हटला जातो. लेखनात हीच एकता जोडून लिहिण्याने दाखवतात, आणि इथे नॉर्वेजियन वाचक फार काटेकोर असतो. 'नॉर्श्कलेरेर' असे जोडून लिहिले तर नॉर्वेजियन भाषा शिकवणारा शिक्षक. मग तो नागपूरचा असला तरी चालेल. 'नॉर्श्क लेरेर' असे तोडून लिहिले तर नॉर्वे देशाचा शिक्षक. तो गणित शिकवत असला तरी चालेल. 'लामेलोर' म्हणजे कोकराची तंगडी, पण 'लामे लोर' म्हणजे लुळ्या पडलेल्या मांड्या. 'रॉयकफ्रित' म्हणजे धूम्रपानमुक्त जागा, तर 'रॉयक फ्रित' म्हणजे खुशाल धूम्रपान करा. या चुकीला 'ऊर्ददेलिंग्सफेइल' म्हणतात, आणि तो शब्दही जोडलेलाच आहे: ऊर्द (शब्द), देलिंग (विभागणी), मध्ये एक सांध्याचा 'स', आणि फेइल (चूक). ही चूक वाढण्यामागे इंग्रजी लेखनपद्धतीचा प्रभाव आहे असे तिथे सर्रास म्हटले जाते.

मराठीतही हा प्रश्न आहेच. 'पाणीपुरवठा' की 'पाणी पुरवठा', 'धूम्रपानबंदी' की 'धूम्रपान बंदी' याबाबत आपल्या पाट्या आणि पत्रके एकमेकांशी सहमत नसतात. आपल्याकडे तोडून लिहिल्याने सहसा अर्थ उलटत नाही, म्हणून आपण ते चालवून घेतो. मला ते योग्य वाटत नाही, कारण सामासिक शब्द जोडून लिहावा हा नियम आपलाही आहे.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः घटकांमधला संबंध आणि सांध्याची अक्षरे यांविषयी चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

विग्रहप्रेमी

उत्तम विषय. घटकांमधल्या संबंधाविषयी लिहितो, कारण शेवटचा घटक धनी आहे एवढे कळल्याने काम संपत नाही. पहिला घटक त्याचा कोण लागतो हे शब्दात कुठेच लिहिलेले नसते.

'साफ्त' म्हणजे रस किंवा सरबत. 'ब्रिंगेबेरसाफ्त' म्हणजे रासबेरीपासून केलेले सरबत. पण 'हूस्तेसाफ्त' हे खोकल्यापासून केलेले सरबत नव्हे. ते खोकल्यावर घ्यायचे औषध आहे. तसेच 'हेस्तेशॉत' हे घोड्याचे मांस आणि 'कात्तेमात' हे मांजरासाठीचे खाणे. 'सूलक्रेम' हे उन्हापासून बचाव करणारे मलम. विग्रह करायला बसलो की पहिल्यात 'पासून केलेले', दुसऱ्यात 'वर उपाय', तिसऱ्यात षष्ठी, चौथ्यात चतुर्थी आणि पाचव्यात पंचमी घ्यावी लागते. तत्पुरुषाचे जे पोटप्रकार आपण शाळेत 'क्रीडांगण', 'चोरभय', 'राजवाडा' अशा उदाहरणांवर घोकले, ते सगळे इथे उपयोगी पडतात. नॉर्वेजियन मूल हे अनुभवाने शिकते. आपल्याकडे त्यासाठी एक तयार चौकट आहे आणि ती वापरायला संकोच करू नये.

कर्मधारय तर विपुल आहेत: 'रोवीन' म्हणजे तांबडी वाइन, 'ब्रूनूस्त' म्हणजे तपकिरी चीज, 'स्तूरब्यू' म्हणजे मोठे शहर. यात विशेषणाला एरवी लागणारे लिंगवचनाचे प्रत्यय गळून जातात आणि उघडे मूळ उरते.

खरा रस मला बहुव्रीहीत वाटतो. 'रोस्त्रूपे', म्हणजे लाल गळा, हे एका छोट्या पक्ष्याचे नाव आहे. गळा लाल आहे ज्याचा असा तो. आपला 'नीलकंठ' अगदी याच घडणीचा आहे. लांडग्याला लोकभाषेत 'ग्रोबेइन' म्हणतात, म्हणजे करड्या पायांचा. धागाकर्त्यांनी सांगितलेल्या नियमाला इथे अपवाद मिळतो: 'बेइन', म्हणजे पाय, हा शब्द नपुंसकलिंगी आहे, पण लांडगा या अर्थाचा 'ग्रोबेइन' पुल्लिंगी चालतो. बहुव्रीहीत धनी शब्दाबाहेर असतो हे आपल्या वैयाकरणांनी सांगितलेच आहे, आणि लिंगही त्या बाहेरच्या धन्याकडे गेल्याचे इथे दिसते. पाश्चात्त्य भाषाशास्त्रातही या प्रकाराला 'बहुव्रीही' असाच संस्कृत शब्द रूढ आहे.

द्वंद्व मात्र नॉर्वेजियनमध्ये जवळजवळ नाही. 'आईवडील', 'मीठभाकर', 'भांडीकुंडी' अशी बरोबरीच्या नामांची जोडी त्या भाषेला करावीशी वाटत नाही. मध्ये 'ओ', म्हणजे 'आणि', घालून ती मोकळी होते.

पाणवठा

दोघांचेही आभार. माझी अडचण त्या मधल्या 'स'ची आहे. 'ऊर्ददेलिंग्सफेइल'मध्ये तो आहे, 'तानलेगे'त नाही, आणि 'हूस्तेसाफ्त' किंवा 'कात्तेमात' यांत 'ए' आहे. कधी काय येते याचा काही नियम सांगता येईल काय? की प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो?

उत्तररंग

पाणवठा, संपूर्ण नियम नाही, परंतु भरवशाचे कल आहेत.

प्रथम त्यांचा उगम. 'स' हा जुन्या षष्ठीच्या प्रत्ययाचा अवशेष आहे. आजही नॉर्वेजियनमध्ये 'चा-ची-चे'चे काम नामाला 'स' लावून होते. 'ए' पुष्कळ ठिकाणी जुन्या नॉर्स भाषेतल्या (म्हणजे नॉर्वेजियनच्या मध्ययुगीन पूर्वज भाषेतल्या) अनेकवचनी षष्ठीच्या 'आ'पासून झिजून आला आहे. 'बार्न' म्हणजे मूल आणि 'हागे' म्हणजे बाग. 'बार्नेहागे', म्हणजे बालवाडी, ही मुलांची बाग असते, आणि अनेकवचनाची ती छटा 'ए'च्या रूपाने सांध्यात टिकली आहे. मात्र आजच्या भाषेत ही अक्षरे विभक्ती दाखवत नाहीत. ती केवळ सांधतात.

आता कल. पहिला घटक 'ऑपहॉल्द'सारख्या उपसर्गयुक्त नामाचा असेल, किंवा तो 'इंग', 'हेत', 'शून', 'स्काप', 'दॉम' अशा प्रत्ययाने संपत असेल, तर 'स' येतो. म्हणूनच 'श्यार्लिहेत' (प्रेम) आणि 'ब्रेव' (पत्र) मिळून 'श्यार्लिहेत्सब्रेव', आणि 'उंगदॉम' (तारुण्य) व 'स्कूले' मिळून 'उंगदॉम्सस्कूले', म्हणजे माध्यमिक शाळेचा पहिला टप्पा.

दुसरा कल अधिक सुंदर आहे. पहिला घटक स्वतःच जोडशब्द असेल तर त्याच्यानंतर 'स' येण्याकडे भाषेचा ओढा असतो, जरी तोच शब्द एकटा असताना 'स' घेत नसला तरी. वाइनचा पेला 'वीनग्लास' होतो. तिथे 'स' नाही. पण तांबड्या वाइनचा पेला 'रोवीन्सग्लास' होतो. हा 'स' वाचकाला सांगतो की मोठा सांधा इथे आहे, आणि 'रोवीन' हा आधी जुळलेला एकसंध तुकडा आहे. पेला तांबडा आहे असे समजू नये. तीच गोष्ट 'बार्न'ची. एकट्या 'बार्न'ला 'बार्नेहागे'त 'ए' लागला, परंतु 'स्मोबार्न', म्हणजे लहान मूल, असा जोड झाला की 'स्मोबार्न्सफॉरेल्द्रे', लहान मुलांचे आईवडील. मूळ तेच, सांधा बदलला, कारण रचना बदलली. याला अपवाद आहेत. 'फूतबालबाने', म्हणजे फुटबॉलचे मैदान, यात 'स' येत नाही. म्हणून मी याला कल म्हणतो.

मराठीत सांध्याला अक्षर घालण्याऐवजी आपण पहिला घटकच आखडतो. पाणी समासात 'पाण' होते: पाणघोडा, पाणबुडी, पाणमांजर, आणि तुम्ही घेतलेले 'पाणवठा' हे नावही. घोड्याचा 'घोड' होतो: घोडदौड, घोडचूक. 'इथे शब्द संपलेला नाही, पुढे आणखी आहे' ही सूचना नॉर्वेजियन भाषा भर घालून देते आणि मराठी छाटून देते.

लेखनाचा आणखी एक नियम सांगतो, कारण तो नकळत चकवतो. जोडताना तीन सारखी व्यंजने लागोपाठ आली तर दोनच लिहितात. 'नात', म्हणजे रात्र, याच्या लेखनात शेवटी दोन 'टी' असतात आणि 'तोग', म्हणजे आगगाडी, याच्या आरंभी एक. पण रात्रीच्या गाडीच्या 'नातोग' या शब्दात दोनच 'टी' लिहितात. ओळीच्या शेवटी शब्द तोडावा लागला तर गळलेले अक्षर परत येते. तेव्हा शब्दकोशात पहिला घटक सापडत नसेल तर सांध्यापाशी एखादे व्यंजन गिळले गेले आहे काय हे पाहावे.

मुळाक्षर

या चर्चेत एक सावधगिरीची सूचना असावी असे वाटते. सारखे दिसणारे अक्षर म्हणजे सारखे मूळ नव्हे, आणि उलट, एकसंध दिसणारा शब्द नेहमी एकसंध नसतो.

'स्यूक' म्हणजे आजारी. त्यापासून 'स्यूकेहूस' (रुग्णालय), 'स्यूकेप्लेयेर' (परिचारिका), 'स्यूकेपेंगेर' (आजारपणातील वेतन), 'स्यूकदॉम' (आजार) असे शब्द होतात. पण 'स्युक्केल' म्हणजे सायकल, आणि तिचा आजाराशी काही संबंध नाही; तो इंग्रजीतून आलेला शब्द नॉर्वेजियन लेखनाच्या साच्यात बसवला आहे. सुईणीला 'यूरमूर' म्हणतात. 'यूर' म्हणजे माती आणि 'मूर' म्हणजे आई, म्हणून भूमातेशी नाते जोडावेसे वाटते, परंतु पहिला घटक मुळात जुन्या नॉर्समधील अर्भकवाचक शब्द होता. तो शब्द वापरातून गेला, आणि लोकांनी त्याच्या जागी ओळखीची माती बसवली.

आता दुसरी बाजू. 'विंदू' म्हणजे खिडकी. आज तो एकजिनसी शब्द वाटतो, पण जुन्या नॉर्समध्ये तो 'विंदाउगा' होता, म्हणजे वाऱ्याचा डोळा. इंग्रजीनेही तो तिथूनच उचलला. 'फ्योस', म्हणजे गोठा, हा गुरे आणि घर यांचे वाचक दोन शब्द मिळून झाला. त्यातले 'हूस' झिजून झिजून केवळ एक 'स' उरले. 'नाबू', म्हणजे शेजारी, यात जवळ आणि राहणारा असे दोन घटक आहेत. 'लॉर्दाग', म्हणजे शनिवार, हा मुळात स्नानाचा दिवस.

इथे नॉर्वेच्या दोन लेखनभाषांचा उल्लेख केलाच पाहिजे. ईवार ओसेन यांनी खेड्यापाड्यांतल्या बोली अभ्यासून १८४८ मध्ये व्याकरण आणि १८५० मध्ये शब्दकोश प्रसिद्ध केला. त्यातून जी लेखनभाषा उभी राहिली तिला १८८५ मध्ये संसदेने डॅनिशमधून उतरलेल्या लेखनभाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला. १९२९ पासून त्या दोघींची नावे 'न्यूनॉर्श्क' (नवी नॉर्वेजियन) आणि 'बूकमोल' (ग्रंथभाषा) अशी आहेत, म्हणजे नावेही जोडशब्दच. न्यूनॉर्श्कमध्ये खिडकीला आजही 'विन्दाउगे' लिहितात. बूकमोलमध्ये जो सांधा पुसला गेला तो शेजारच्या लेखनभाषेत उघडा दिसतो, म्हणून एखादा बूकमोल शब्द गूढ वाटला की मी त्याचे न्यूनॉर्श्क रूप पाहतो.

एक उदाहरण मुद्दाम राखून ठेवले आहे. नॉर्वेजियनमध्ये आजीसाठी 'मुरमुर' (आईची आई) आणि 'फारमुर' (वडिलांची आई) असे स्वच्छ जोडशब्द आहेत. पण आईच्या बहिणीसाठी 'मूस्तेर' असा एक जुना शब्द आहे आणि तो 'आई' व 'बहीण' हे दोन शब्द एकमेकांत जिरून झाला आहे. आपली 'मावशी' ही संस्कृत 'मातृष्वसृ'पासून प्राकृतातून झिजत आली, म्हणजे पुन्हा आई आणि बहीणच. शिवाय 'मातृ' आणि 'मूर', 'स्वसृ' आणि 'सोस्तेर' हे शब्द एकाच आद्य भाषाकुलातून आलेले सगोत्र आहेत. दोन दूरच्या भाषांनी त्याच दोन मुळांची तीच जोडी केली आणि दोघींनी ती ओळखू येणार नाही इतकी झिजवली, याचे मला फार अप्रूप वाटते.

ओस्लोकाठ

इथे येणाऱ्या मराठी कुटुंबांना पहिले लांब शब्द घरात किंवा बाजारात भेटत नाहीत, ते सरकारी कागदांवर भेटतात, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो.

परकीय नागरिकांचे अर्ज पाहणारे खाते म्हणजे 'यूतलेनिंग्सदिरेक्तोराते'. शेवटचा 'ए' हा निश्चितदर्शक प्रत्ययाचा उच्चार, त्याआधी 'दिरेक्तोरात' म्हणजे संचालनालय, त्याआधी सांध्याचा 'स' (पहिला घटक 'इंग'ने संपतो, म्हणून तो अपेक्षितच). उरलेल्या 'यूतलेनिंग'मध्ये 'यूत' म्हणजे बाहेर, 'लान' म्हणजे देश, आणि 'इंग' हा माणूस दाखवणारा प्रत्यय. त्याच्यामुळे 'लान'चा 'लेन' झाला. हा सरळसरळ 'परदेशी' आहे: पर, देश, ई. याच खात्याकडून मिळते ते 'ऑपहॉल्सतिलातेल्से': वास्तव्य, 'स', परवानगी. मग 'फोत्सेल्सनुम्मेर', म्हणजे जन्मक्रमांक. तो अकरा अंकी असतो आणि त्याचे पहिले सहा अंक जन्मतारखेचे असतात. पगार सुरू होण्याआधी 'स्कात्तेकॉर्त', म्हणजे करपत्र. आणि नोकरीत आपले हक्क ज्या कायद्यात आहेत तो २००५ चा 'आरबेइद्समिल्योलोव': काम, 'स', वातावरण, कायदा. नवागताने या पाच शब्दांचा विग्रह कागदावर लिहून काढला तर पुढची पन्नास पत्रे सोपी जातात, हा माझा आणि ओळखीच्या अनेकांचा अनुभव आहे.

आता मुळांविषयी. विमानतळावर दोन पाट्या असतात: 'आवगांग' आणि 'आनकॉम्स्त', म्हणजे प्रस्थान आणि आगमन. 'आनकॉम्स्त'मधले 'कॉम', म्हणजे येणे, हे संस्कृत 'गम्'चे सगोत्र आहे. गंमत अशी की संस्कृतात त्याचा अर्थ जाणे झाला आणि 'आ' लावल्यावर येणे. तेव्हा 'आगमन' आणि 'आनकॉम्स्त' यांचा गाभा एकच आहे, जरी पुढे लागलेले 'आ' आणि 'आन' एकमेकांचे कोणी नसले तरी. हा 'आन' खालच्या जर्मन भाषेतून, म्हणजे उत्तर जर्मनीच्या सखल प्रदेशातल्या जर्मनमधून आला. हान्सा व्यापारी संघाचे ठाणे बर्गनमध्ये सुमारे १३६० पासून १७५४ पर्यंत होते, आणि त्या संपर्कातून 'आन', 'बे', 'फॉर' असे उपसर्ग आणि 'हेत'सारखे प्रत्यय नॉर्वेजियनमध्ये रुजले. ओसेन यांच्या परंपरेतले लेखक ते टाळत आले, त्याचे कारण हेच.

'स्तो', म्हणजे उभे राहणे, याचे कुटुंब तर आपल्या 'स्था'च्या शेजारी ठेवून पाहावे. फॉरस्तो (समजणे), तिलस्तो (कबूल करणे), मूतस्तो (प्रतिकार करणे), येनस्तो (शिल्लक राहणे). आपल्याकडे अवस्था, संस्था, प्रस्थान, उपस्थिती, अनुष्ठान. 'स्तो' आणि 'स्था' सगोत्र आहेत. यात एक बारकावा असा की उपसर्ग जोडून लिहिला की अर्थ सहसा अमूर्त होतो आणि सुटा मागे ठेवला की मूर्त राहतो. 'स्तो ऑप' म्हणजे अंथरुणातून उठणे. 'ऑपस्तो' म्हणजे उद्भवणे. 'ब्र्यूते आव' म्हणजे फांदी मोडून काढणे; 'आवब्र्यूते' म्हणजे बोलणे मध्येच तोडणे. मराठीत हा भेद तद्भव आणि तत्सम यांत विभागला गेला आहे. 'उत्' आणि 'स्था' यांपासूनच आपले साधे 'उठणे' झाले आणि त्यांपासूनच 'उत्थान'ही. सकाळी आपण उठतो आणि उत्थान समाजाचे होते.

विग्रहप्रेमी

ओस्लोकाठ यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून एक प्रश्न मनात आला, तो नव्या शब्दांच्या घडणीचा.

संगणकाला नॉर्वेजियनमध्ये 'दातामाशीन' म्हणतात, टॅब्लेटला 'नेतब्रेत' (जाळे आणि फळी), ब्राउझरला 'नेतलेसेर' (जाळे वाचणारा), पेनड्राइव्हला 'मिन्नेपिन्ने' (आठवणीची काडी). घरात 'स्तोव्सूगेर', म्हणजे धूळ शोषणारा, आणि 'श्योलेस्काप', म्हणजे थंड करणारे कपाट. पाच वर्षांच्या मुलाला हे सगळे घटक ठाऊक असतात. आपण मात्र नवा शब्द हवा की संस्कृत धातुकोशाकडे जातो. 'संगणक' आता रुळला, पण 'प्रशीतक' किंवा 'न्याहाळक' घराघरांत पोहोचले नाहीत.

ही असमर्थता मराठीची नव्हे. एकोणिसाव्या शतकात आपण नेमके नॉर्वेजियन रीतीनेच शब्द घडवत होतो. मुंबई ते ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली आणि मराठी माणसाने तिला 'आगगाडी' म्हटले. मग आगबोट आली, आगपेटी आली, पुढे पाणबुडी आली. आग, गाडी, पेटी, पाणी, बुडणे ही सगळी घरातली मुळे. नॉर्वेची पहिली रेल्वे त्यानंतरच्याच वर्षी, १८५४ मध्ये, क्रिस्तियानिया (आजचे ओस्लो) ते आइड्सवोल अशी सुरू झाली. रेल्वेला त्यांच्याकडे 'येर्नबाने', म्हणजे लोखंडी मार्ग, हा जर्मन वळणाचा शब्द रुळला. त्याचा जुळा भाऊ आपल्या सरकारी भाषेत 'लोहमार्ग' म्हणून आहे. पाणबुडीला ते 'उन्नेरवान्सबोत' म्हणतात, म्हणजे पाण्याखालची होडी, आणि मला आपला शब्द अधिक जिवंत वाटतो, कारण त्यात क्रिया आहे. परिभाषा घडवणाऱ्यांनी संस्कृत मुळांच्या आधी घरच्या मुळांकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळाक्षर

मताशी बव्हंशी सहमत आहे, एक बाजू मांडून. घरच्या मुळांनी घडवलेला शब्द लगेच समजतो हे खरे, पण त्यातून पुढची रूपे निघणेही आवश्यक असते. 'संगणक'पासून संगणकीय, संगणकीकरण, संगणकशास्त्र सहज निघतात. 'आगगाडी'पासून विशेषण काढता येत नाही. नॉर्वेजियनला ही अडचण येत नाही, कारण तिथे विशेषणाची गरज पडली की आणखी एक समास करतात. 'येर्नबाने' हा शब्द जसाच्या तसा दुसऱ्या नामाच्या डावीकडे ठेवला की काम झाले: 'येर्नबानेस्ताशून', 'येर्नबानेलिन्ये'. आपणही 'आगगाडीप्रवास' असे लिहू शकतो, मात्र जोडून लिहिण्याची सवय सुटल्याने ते डोळ्यांना खटकते. धागाकर्त्यांचा लेखनाचा मुद्दा आणि परिभाषेचा हा मुद्दा म्हणूनच एकत्र पाहावे लागतात.

पाणवठा

सर्वांचे सांगणे वाचून मी स्वतः एक शब्द सोडवून पाहिला. वातावरणबदलाविषयीच्या एका बातमीत 'द्रीवहूसगासयूतस्लिप' असा शब्द मिळाला. शेवटी 'स्लिप', म्हणजे सोडणे. 'यूत' लागून 'यूतस्लिप', बाहेर सोडणे, उत्सर्जन. 'गास' म्हणजे वायू. 'द्रीवहूस' म्हणजे हरितगृह. अर्थात हरितगृह वायूंचे उत्सर्जन. परंतु 'द्रीवहूस' हा स्वतः जोडशब्द आहे. मग उत्तररंग यांनी सांगितलेल्या दुसऱ्या कलाप्रमाणे त्याच्यानंतर सांध्याचा 'स' का आला नाही?

उत्तररंग

विग्रह अचूक आहे. 'स' न येण्याचे कारण उच्चाराचे आहे: 'हूस' आधीच 'स'ने संपतो, आणि अशा शब्दाला सांध्याचा 'स' लावत नाहीत. 'रोदहूस' आणि 'प्लास' (जागा, चौक) मिळूनही 'रोदहूसप्लास'च होतो. ओस्लोत नगरभवनासमोरच्या चौकाच्या नावात तो पाहायला मिळेल. 'गास'नंतरही 'स' नाही, त्याचे कारण तेच.

या शब्दात मोठा सांधा 'गास' आणि 'यूतस्लिप' यांच्या मध्ये आहे, आणि तो दाखवायला एकही अक्षर उपलब्ध नाही. अशा वेळी शेवटाकडून येत पहिला अर्थपूर्ण जोड कोणता मिळतो ते पाहावे. 'यूतस्लिप' मिळाला की थांबावे, डावीकडे जे उरले ते एक नाम होते काय हे तपासावे, आणि 'द्रीवहूसगास' शब्दकोशात सापडला की विग्रह पक्का झाला असे समजावे. लिंग अर्थातच 'यूतस्लिप'चे, म्हणजे नपुंसक. तेव्हा बातमीत पुढे त्याच्याविषयीचे सर्वनाम 'दे' आले असेल, 'देन' नव्हे.